लाँच विश्रांती घेत आहे

विलगराव हे त्यांचं कागदोपत्री नाव नव्हे. पण समोरच्या ब्लॉकमध्ये नव्यानं राहायला आलेल्या बाईंनी एकदा त्यांच्याच दारात उभं राहून त्यांनाच विचारलं, "विलगराव आहेत का?" आणि हे बिचारे "आहेत ना, या" म्हणत बाजूला सरले. तिथेच विषय संपला.

नाव ठेवलं ते खाडीपार माणसं ने-आण करणाऱ्या लाँच कंपनीच्या तिकीट खिडकीवर बसणाऱ्या मामांनी. विलगराव त्याच कंपनीत, खिडकीच्या वरच्या मजल्यावर, कंपनीची वेबसाइट सांभाळतात. जिन्यात भेटेल त्याला थांबवून ते एकच गाऱ्हाणं सांगायचे की अमुक तमुकपासून वेगळं करायला हवं, कंपनीत कुणाला पटत नाही. मामांनी ते इतक्यांदा ऐकलं की एके दिवशी डबा उघडता उघडता म्हणाले, "या विलगराव, बसा. चटणी वेगळी ठेवलीय तुमच्यासाठी." धक्क्यावरून हे नाव इमारतीत यायला वेळ लागला नाही, कारण वाटेत विलगरावांच्या सासूबाई होत्या.

सासूबाईंचं बस्तान दोन्ही काठांवर. अलीकडे लेक, पलीकडे मुलगा. दोन्ही घरी त्यांची एकेक उशी आणि एकेक तक्रार ठेवलेली. सुनेचा कंटाळा आला की लाँचनं इकडे, जावयाचा कंटाळा आला की लाँचनं तिकडे. जावयाचा कंटाळा जरा लवकर यायचा, यात कुणाला नवल वाटू नये. चहा करायचा तर विलगराव पाणी, दूध, साखर, पावडर असं ओट्यावर अंतर राखून मांडतात, आणि एकत्र करायची वेळ आली की त्यांचा चेहरा लेकीची पाठवणी असल्यासारखा होतो.

त्यांची बायको दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. दिवसभर दुखऱ्या दाढांची तोंडं बघायची आणि संध्याकाळी घरी येऊन आणखी एक बघायचं, हे तिचं नशीब. विलगरावांच्या मनात काही आलं की ते आधी कपाळावर उमटतं, मग भुवयांवर, आणि तोंडातून निघेपर्यंत समोरच्यानं वाचूनही झालेलं असतं. ती त्यांना एकदा म्हणाली, "अहो, तुम्ही जगाला वेगळं करायला सांगता. तुमचं तोंड आणि डोकं मात्र एकाच फाइलमध्ये लिहिलंय." नवऱ्याची भाषा बायकोला यायला लागली की नवऱ्यानं सावध व्हावं. हे झाले नाहीत.

आता गाऱ्हाणं काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

लोक फोनवर कंपनीचं पान उघडतात, कुठली लाँच कधी सुटणार ते बघतात, बटण दाबून तिकीट घेतात. ते पान कुठे आधीपासून तयार पडलेलं नसतं. कुणी मागितलं की कंपनीचा सर्व्हर एक साचा उचलतो, त्यात त्या घडीची माहिती भरतो आणि पान पाठवून देतो. या साच्याला ही मंडळी टेम्पलेट म्हणतात. विलगरावांचं म्हणणं असं की साच्यानं फक्त दाखवावं. लाँच सुटणार की नाही, तिकीट विकायचं की नाही, हे दुसरीकडे आधी ठरावं, आणि साच्याला नुसतं कळवावं, की बाबा रे, असं असं आहे, नीटनेटकं मांड. साच्यानं स्वतःचं डोकं चालवायचं नाही.

इथे तर साचाच सगळं ठरवत होता. विलगरावांच्या आधी ही वेबसाइट ज्यांनी लिहिली त्यांना सगळे बुवा म्हणत. बुवा आता निवृत्त होऊन गुलाब लावतात म्हणे. त्यांनी एकाच फाइलमध्ये एका ओळीत अक्षराचा आकार लिहिला होता, पुढच्या ओळीत वाऱ्याचा वेग, त्याखाली रंग, आणि रंगाच्या पोटात सवलतीचे नियम. भिंत रंगवणाऱ्यानं एक खिळा उपटावा आणि स्वयंपाकघरातला नळ बंद पडावा, असं ते घर. विलगराव त्या घरात इतकी वर्षं पाय न वाजवता वावरत होते.

हे सगळं उपसून वेगळं करायची परवानगी त्यांना हवी होती, आणि ती मॅनेजरबाईंकडून यायची होती. मॅनेजरबाई वाईट नव्हत्या. त्यांच्या टेबलावर एक कोरफड होती आणि ती जिवंत होती, यावरून माणसाबद्दल काय ते समजावं. फक्त त्यांचा एक प्रश्न होता. विलगराव कितीही घाम गाळून सांगोत, त्या फोन समोर धरायच्या, पान उघडायच्या आणि म्हणायच्या, "दिसतंय ना?"

"दिसतंय."

"मग?"

या 'मग'वर विलगराव खुर्ची मागे सारून उठायचे. ते जिन्यात यायचे आणि मामांना सांगायचे. मामा डबा पुढे करायचे.

मग बाई एका हॉटेलात भरलेल्या शिबिराला जाऊन आल्या. ग्राहकाशी गोड कसं बोलावं, असा काहीतरी विषय होता. परत आल्या त्या पानाकडे नव्या नजरेनं बघायला लागल्या. वारा वाढला की लाँच बंद ठेवतात, आणि तेव्हा पानावर त्या लाँचसमोर शब्द येतो, 'रद्द'. एरवी 'वेळेवर', नाहीतर 'उशिरा'.

"रद्द," बाई म्हणाल्या. "किती कडू वाटतं. तोंडावर दार आपटल्यासारखं."

पानं सजवणारी एक मुलगी होती. नवी होती, हुशार होती. मामांनी तिचं नाव रंगारीण ठेवलं होतं आणि ते तिला आवडलंही होतं. ती म्हणाली, "दुसरं काहीतरी लिहू या मग."

दोघींनी मिळून बरेच शब्द पाहिले. शेवटी बाईंना जो पसंत पडला तो असा: 'लाँच विश्रांती घेत आहे'.

विलगराव कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. त्यांच्या डोक्यावर एसी गळत होता आणि खाली बादली ठेवलेली होती. ते म्हणाले, "बाई, शब्दाला हात लावायच्या आधी मला ती फाइल वेगळी करू द्या. त्यात कशावर काय टांगलंय ते सांगता येत नाही."

"शब्द बदलायला काय वेगळं करायचंय त्यात?"

"शब्द दाखवायचा असतो. आपल्या फाइलमध्ये शब्दावरून पुढचं ठरत असेल तर?"

"ठरतं का?"

"बघावं लागेल."

"बघा की. आणि ते तुमचं वेगळं करायचं काम, त्याला किती दिवस लागतील?"

"आठवडा, दोन आठवडे."

"त्यानंतर काय दिसेल?"

विलगरावांचा चेहरा उजळला, कारण हा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारला नव्हता. "जे आत्ता दिसतंय अगदी तेच," ते अभिमानानं म्हणाले.

बाईंनी रंगारिणीकडे बघितलं. रंगारिणीनं बादलीकडे बघितलं.

"म्हणजे इतके दिवस काम करून तेच," बाई म्हणाल्या. "नको. तुम्ही नुसतं बघा आणि सांगा, शब्द बदलला तर चालेल का."

विलगराव फाइलमध्ये उतरले. 'रद्द' हा शब्द कुठे कुठे आहे ते त्यांनी शोधलं. एके ठिकाणी तो पानावर उमटायचा, बस. दुसरीकडे कुठे नावही नाही. ते पुन्हा शोधून आले. दुपारी रंगारीण टेबलाशी आली. "दादा, बदलू का?"

आता इथे माणसानं अंतर्मनाचं ऐकावं. पण अंतर्मनाचं ऐकलं की बाई विचारणार, पुरावा काय. विलगरावांनी भुवया वर केल्या, खाली केल्या, आणि म्हणाले, "चालेल."

तो 'चालेल' पुढे त्यांच्या गळ्यात पडला.

बरेच दिवस हवा शांत होती. नवा शब्द दिसायची वेळच आली नाही. वारा उठला तो एका सकाळी. धक्क्यावरची निशाणं फडफडायला लागली, पाणी दगडांवरून उड्या मारायला लागलं, आणि कप्तानानं सगळ्या लाँच बंद ठेवायचा निरोप दिला. पानावर ओळीनं उमटलं, लाँच विश्रांती घेत आहे, लाँच विश्रांती घेत आहे. छान पोपटी रंगात. आणि प्रत्येक ओळीखाली 'तिकीट घ्या' हे बटण जसंच्या तसं हसत उभं.

ते बटण अशा वेळी नाहीसं व्हायला हवं होतं. आजवर व्हायचंही. आज झालं नाही, आणि लोकांनी ते दाबलं. का दाबणार नाहीत?

विलगराव धक्क्यावर पोहोचले तेव्हा तिकीट खिडकीपुढे माणसांची दाटी झाली होती. प्रत्येकाच्या हातात फोन, फोनमध्ये तिकीट, आणि समोर साखळीला बांधलेल्या डुलणाऱ्या लाँच. खिडकीत मामा घसा बसवून एकेकाला समजावत होते. आणि सगळ्यांच्या पुढे, बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन सासूबाई.

"आई, तुम्ही इथे कशा?"

"तिकडे चाललेय. जावईबापू, या तुमच्या मामांना सांगा, तिकीट आहे माझ्याकडे."

"लाँच बंद आहे आई. पानावर लिहिलंय ना."

"कुठे लिहिलंय? विश्रांती घेतेय असं लिहिलंय." सासूबाईंनी फोन त्यांच्या नाकासमोर धरला. "म्हटलं घेऊ दे बिचारीला. थोडा वेळ पडेल आणि निघेल. मी पण जरा पडूनच निघाले घरून."

पाठीमागून एक गृहस्थ म्हणाले, "आम्हालाही तसंच वाटलं." दुसरा म्हणाला, "विश्रांती संपायची वेळ काय आहे पण?" मामांनी खिडकीतून विलगरावांकडे अशा नजरेनं बघितलं की आज चटणी मिळणार नाही हे त्यांना कळलं.

विलगराव जिना चढून गेले, फाइल उघडली आणि बटणाच्या मागे मागे सरकत गेले. पानाच्या तळाशी, रंगाच्या ओळींमध्ये दडलेली ती ओळ सापडली. बुवांनी 'रद्द' हा शब्द कुठे तपासलाच नव्हता. बुवांनी शब्दाची लांबी मोजली होती. वर छापलेला शब्द आखूड असेल तर लाँच रद्द समजायची आणि बटण काढून टाकायचं, लांब असेल तर लाँच चालू समजायची. तीन शब्दांत 'रद्द' सगळ्यात आखूड, त्यामुळे हे इतकी वर्षं बिनबोभाट चाललं. 'विश्रांती घेत आहे' एवढा लांब शब्द बघून सर्व्हरची खात्रीच पटली असणार की लाँच आज फारच जोरात आहे.

शेजारी बुवांनी स्वतःसाठी एक टीप लिहून ठेवली होती. 'तात्पुरतं.'

विलगराव त्या शब्दाकडे बघत राहिले. रंगारीण मागे येऊन उभी होती, तिनंही वाचलं. "दादा," ती हळूच म्हणाली, "शब्द मापानं ओळखायचे?"

"कापड मोजतात तसे," विलगराव म्हणाले, आणि त्यांनी आधी ते बटण हातानं काढून टाकलं.

मग बोलावणं आलं. मॅनेजरबाईंच्या खोलीत कोरफड, बाई, आणि बाईंच्या समोरच्या खुर्चीत पिशवीसकट सासूबाई. त्या तक्रार करायला वर आल्या होत्या आणि त्यांना बसायला खुर्ची मिळाली होती. जावयाला बघून त्या म्हणाल्या, "या, बसा," जणू खोली त्यांचीच.

"तुम्ही म्हणाला होतात चालेल," बाई म्हणाल्या.

"म्हणालो होतो."

"लोकांना काय सांगायचं आता? तुमच्यामुळे धक्क्यावर जत्रा भरलीय."

इथे विलगरावांनी चेहरा कोरा ठेवायचं ठरवलं होतं. बायकोनं शिकवलं होतं, दातांच्या खुर्चीतल्या माणसासारखं वर छताकडे बघायचं. त्यांनी बघितलं. छतावर एसीच्या पाण्याचा डाग होता. तो बघून त्यांना बादली आठवली, बादलीवरून ते 'आठवडा, दोन आठवडे', आणि चेहऱ्यावर सगळं पसरलं.

"बाई, शब्द दाखवण्यासाठी असतो," ते म्हणाले. "त्याच्या लांबीवरून तिकीट विकायचं की नाही ते ठरत होतं. उद्या तुम्ही रंग बदलाल, तेव्हा भाडं बदलेल. परवा अक्षर मोठं कराल, तेव्हा काय होईल ते मलाच माहीत नाही. मी सांगत होतो, वेगळं करू द्या. इतकी वर्षं तेच सांगतोय."

"पण मला हे कळावं कसं? पान तर दिसत होतं."

"तेच तर. दिसत होतं."

बाईंना पटलं होतं असं म्हणता येणार नाही. त्यांना एवढंच कळलं होतं की हा माणूस आता इथून हलणार नाही. तेवढ्यात सासूबाईंनी पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली.

"एक सांगू का बाई? हे काय म्हणतात ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण जेवताना हेच, टीव्ही लागला की हेच, मला धक्क्यावर सोडायला आले तरी हेच. माझी लेक वैतागलीय. तुम्ही त्यांना ते काय वेगळं करायचंय ते करू द्या. तुमचं काही बिघडत नाही, आणि आमच्या घरात जरा दुसरा विषय निघेल."

विलगरावांनी वर्षानुवर्षं रचलेले सगळे मुद्दे बाजूला पडले आणि परवानगी या एका मुद्द्यावर मिळाली. त्यांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आपलं म्हणणं बरोबर आहे म्हणून नव्हे, आपण घरात नकोसे झालो म्हणून मिळालं, हे त्यांच्या कपाळावर स्पष्ट वाचता येत होतं.

"करा," बाई म्हणाल्या. "पण दिसण्यात तसूभर फरक पडता कामा नये."

"तेच तर करायचंय," विलगराव म्हणाले.

पुढचे दिवस ते कुणाच्या अध्यात नव्हते की मध्यात नव्हते. लाँच सुटणार का, तिकीट विकायचं का, सवलत कुणाला, हे सगळं त्यांनी साच्यातून उचलून एका जागी नेलं. तिथे जे काही ठरायचं ते ठरेल, आणि साच्याच्या हातात फक्त उत्तर पडेल. बटण दाखव, किंवा दाखवू नकोस. का, कशासाठी, हे साच्यानं विचारायचं नाही. बुवांच्या गाठी एकेक करून सुटत होत्या. एक सोडवताना दुसऱ्या पानावरची सवलत नाहीशी व्हायची, ती परत आणताना तिसऱ्या पानावरचं शीर्षक तिरकं व्हायचं, आणि खोलीतून असे उसासे यायचे की रंगारीण मधूनच विचारायची, "दादा, पाणी आणू का?"

सगळं झाल्यावर त्यांनी तिच्या वाट्याच्या फाइली तिला उघडून दिल्या. ती वरून खाली वाचत गेली. मथळा, ओळी, रंग, बटण. दुसरं काही नाही. "अरे, हे तर मला वाचता येतंय," ती म्हणाली. "इथे मी काहीही लिहिलं तरी लाँच सुटायची थांबणार नाही?"

"आणि थांबलेली सुटणार नाही."

त्या सगळ्या प्रकरणात विलगरावांना मिळालेली शाबासकी ती एवढीच. ती त्यांनी संध्याकाळपर्यंत पुरवून वापरली.

मॅनेजरबाईंनी जुनं पान एका फोनवर, नवं दुसऱ्या फोनवर, असे दोन्ही शेजारी ठेवून बघितले. चष्मा लावून बघितले, काढून बघितले.

"काहीच बदललेलं नाही," त्या म्हणाल्या.

"हो," विलगराव म्हणाले.

"मग इतके दिवस..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. त्या चांगल्या होत्या, म्हटलं ना.

जिन्यात मामांनी विचारलं, "झालं का मनासारखं?"

"झालं."

"मग तोंड असं का?"

चोरी झाली नाही म्हणून कुणी रखवालदाराची मिरवणूक काढत नाही, असं काहीतरी विलगराव पुटपुटले. मामांनी डबा पुढे केला. चटणी परत सुरू झाली होती, तेवढं एक.

वारा पुन्हा उठला तेव्हा बाईंना 'विश्रांती' बदनाम झाल्यासारखी वाटत होती. त्यांनी नवा शब्द दिला, 'आज वारा जिंकला'. रंगारिणीनं तो विलगरावांना न विचारता टाकला. न विचारता. विलगराव खुर्चीत ताठ बसून पानाकडे बघत होते. शब्द बदलला, लाँच बांधलेल्या राहिल्या, बटणं गुपचूप नाहीशी झाली. धक्का रिकामा. मामांनी खिडकीत बसून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवलं आणि एक डुलकी काढली. वरच्या मजल्यावर कुणीच आलं नाही, कुणीच काही बोललं नाही.

घरी आल्यावर विलगराव सोफ्यावर टेकतात न टेकतात तोच फोन वाजला. पलीकडच्या काठावरून सासूबाई.

"जावईबापू, तुमच्या पानावरचं तिकिटाचं बटण गेलंय हो."

"आई, लाँच बंद आहे. वारा आहे."

"मागच्या वेळी नव्हता का वारा? तेव्हा निघालं होतं की माझं तिकीट. चांगलं चाललेलं, उगाच हात लावलात तुम्ही. मी त्या बाईंना सांगितलं ती माझीच चूक झाली. दुरुस्त करा ते लवकर. इथे मला फार कंटाळा आलाय."

विलगरावांनी फोन हळूच खाली ठेवला. बायको दवाखान्यातून नुकतीच आली होती, पर्स अजून खांद्यावर होती.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही," विलगराव म्हणाले.

ते शंभर टक्के खरं होतं. दिवसभरात काहीही झालं नव्हतं, आणि ते घडवून आणायला त्यांना किती खपावं लागलं होतं ते त्यांनाच ठाऊक. पण बायकोनं त्यांच्या तोंडाकडे एकदा नीट बघितलं, पर्स उघडली, आणि दाढेवर लावायच्या औषधाची बाटली त्यांच्यासमोर ठेवली.